मिरांडाला एक वाक्य हवं होतं : 'मास इफेक्ट'च्या पुढच्या भागाच्या लेखकांना खुलं पत्र

बायोवेअर कंपनीत 'मास इफेक्ट' या व्हिडिओ गेमचा पुढचा भाग लिहिणाऱ्या लेखकमंडळींना,

सप्रेम नमस्कार.

२०१० साली मी तेव्हाच्या औरंगाबादला हॉस्टेलवर राहत होतो. खोलीत कॉम्प्युटर एकच. 'मास इफेक्ट २' मी आणि माझा रूम पार्टनर मिळून खेळलो. माउस एकाच्या हातात, निर्णय दोघांचे. खेळाचा नायक शेपर्ड पुरुष किंवा बाई निवडता येतो; आमची शेपर्ड बाई होती. बहुतेक ठिकाणी आमचं जमून जायचं. शेवटी कलेक्टर नावाच्या शत्रूंच्या तळावर पोचलो आणि तिथे मात्र आमचं वाजलं.

तो प्रसंग तुम्हाला सांगायची गरज नाही, पण हे पत्र वाचणाऱ्या सगळ्यांनीच तो खेळलेला असेल असं नाही. माणसांना जिवंतपणी विरघळवायचं आणि त्या रसातून एक नवा रीपर, म्हणजे जीवसृष्टीचा संहार करणारं महाकाय यंत्र, उभा करायचा, असा त्या तळावरचा उद्योग. तळ आपल्या हाती आलेला. आता बाँब लावून सगळं उडवायचं, की रेडिएशनच्या एका झोताने कलेक्टर तेवढे मारून तळ शाबूत ठेवायचा? माणसांचंच हित पाहणाऱ्या सर्बेरस या गुप्त संघटनेचा प्रमुख इल्युझिव्ह मॅन म्हणतो, ठेव. पार्टनर म्हणाला, उडव. मी म्हटलं, ठेवू या. रीपर येताहेत आणि त्यांच्यापुढे उभं राहायला आपल्याकडे काही म्हणजे काही नाही. घराला आग लागल्यावर विहीर कुणाच्या मालकीची हे कुणी विचारत बसत नाही.

मिरांडाला मी मुद्दाम सोबत घेतलं होतं. खेळभर सर्बेरसची बाजू मांडणारी, मेलेल्या शेपर्डला दोन वर्षं खपून पुन्हा उभं करणारी, भावनेच्या आधी हिशेब मांडणारी बाई. बाकी कुणी नाही तरी ही माझ्या बाजूने बोलेल, याची मला खात्री होती. आणि मिरांडा म्हणाली की तिला तसं वाटत नाही. हे सगळं डोळ्यांनी पाहिल्यावर इथली कुठलीही गोष्ट वापरणं विश्वासघातासारखं वाटतं.

मग आम्ही जुना सेव्ह उघडून तळ उडवूनही पाहिला. तिथे इल्युझिव्ह मॅन तिला हुकूम सोडतो, शेपर्डला थांबव म्हणून, आणि ती उभ्या उभ्या राजीनामा देते. पार्टनरने टाळ्या वाजवल्या. प्रसंग टाळ्यांचाच आहे. पण मला तेव्हा जे खटकलं ते पंधरा वर्षांनंतरही खटकतं, म्हणून हे पत्र.

ती माझ्या विरोधात गेली, ही माझी तक्रार नाही. सोबत्याने विरोध करावा, त्यासाठीच तर तो सोबत असतो. पण तिला त्या मतापर्यंत येताना आम्ही पाहिलंच नाही. त्याच मोहिमेत थोडं आधी, बायोटिक, म्हणजे मनःशक्तीने उभं केलेलं, कवच कुणी धरायचं हा प्रश्न येतो तेव्हा ती म्हणते की तसं पाहिलं तर कुणीही बायोटिक ते करू शकेल. ही शंभर टक्के मिरांडा! स्वतःच्या कुवतीबद्दल जरा जास्तच खात्री. तिच्या शब्दावर विसंबून जॅक किंवा समारा या जास्त ताकदीच्या सोबत्यांऐवजी तिलाच पुढे केलं, तर एक सोबती जीव गमावतो. म्हणजे तिचा स्वभाव ओळखून तिचं म्हणणं किती मनावर घ्यायचं हे ज्याला कळलं, त्याची माणसं वाचतात. इतकं बारीक लिखाण! आणि त्यानंतर काही मिनिटांतच ती दुसऱ्याच कुणाचं तरी वाक्य बोलते.

वाईट याचं वाटतं की कारण तुमच्या हाताशी होतं. मिरांडाला तिच्या बापाने स्वतःच्या जनुकांवरून बेतून घडवलं. ती शेपर्डला सांगते की त्याने बनवलेली ती पहिली नव्हती, त्याने ठेवून घेतलेली पहिली होती. अशी बाई त्या तळावर उभी आहे, समोर माणसांचा कच्चा माल केलेला आहे, आणि तो वाया जाऊ देऊ नकोस असं तिचा मालक तिला सांगतो आहे. तिने फक्त एवढंच म्हणायला हवं होतं की मीही अशाच हिशेबातून जन्मले. एक वाक्य. तेवढं असतं तर मी तळ ठेवलाच असता, पण रात्रभर झोपलो नसतो. मिरांडाचं मन बदललं असं मला वाटलं असतं. तसं वाटलं नाही. लेखकांना शेवट कुठे न्यायचा आहे तेवढं मला कळलं.

व्यवहारी निर्णय घरात कसा घेतला जातो ते मी त्यानंतर दोन-तीन वर्षांनी पाहिलं. आम्ही जालना जिल्ह्यातले, मोसंबीवाले. २०१२-१३च्या दुष्काळात विहिरीने तळ गाठला. टँकरवर चारशे झाडं जगणं शक्य नव्हतं. काकांनी ठरवलं की निम्मी बाग तोडायची आणि उरलेलं पाणी निम्मीला द्यायचं. ओसरीवर सगळे बसले होते. आजी म्हणाली, ती झाडं तुझ्या बापाने लावली आहेत. काकूने वहीत टँकरचा खर्च लिहिलेला होता, तिने वही नुसती पुढे सरकवली. चुलतभाऊ म्हणाला, निम्मी कशाला, सगळीच काढा आणि मोकळे व्हा. आमचा सालगडी काहीच बोलला नाही. सकाळी कुऱ्हाड मात्र त्याच्याच हातात होती. काकांनी आजीचं ऐकलं नाही. आजीने त्यांच्याशी बोलणं सोडलं नाही, त्यांच्या ताटात भाकरी वाढायचंही सोडलं नाही, पण पुढे कितीतरी वर्षं त्या बाजूच्या बांधावर तिने पाऊल टाकलं नाही.

त्या ओसरीवर कुणीही आपला स्वभाव सोडून बोललं नव्हतं. काकू आजीसारखं बोलली नाही आणि निर्णय झाल्यावर सगळ्यांनी मिळून काकांना एका सुरात दोष दिला नाही. मला खेळात तशी ओसरी हवी आहे.

आता रंगांबद्दल. सज्जनपणाला निळे पॅरागॉन गुण आणि निष्ठुरपणाला लाल रेनिगेड गुण, ही तुमची ओळख आहे आणि २००७ साली ती कल्पना ताजी होती. पण लाल रंगात तुम्ही तीन वेगवेगळ्या गोष्टी एका पोत्यात भरल्यात. महिला पत्रकाराला ठोसा मारणं लाल. इतर ग्रहांच्या लोकांना कमी लेखून माणसांचंच घोडं पुढे दामटणं लाल. आणि वेळ नाही, साधनं नाहीत, म्हणून जड मनाने कमी नुकसानीचा रस्ता धरणं, तेही लाल. पहिला उर्मटपणा आहे, दुसरा द्वेष आहे आणि तिसरा व्यवहार आहे. आमच्या भाषेत एखाद्याला व्यवहारी म्हटलं तर ती शिवी होत नाही. पुरंदरच्या तहात २३ किल्ले सोडून देणाऱ्या राजाची गोष्ट आम्ही चौथीच्या इतिहासात शिकतो. माघार आणि भ्याडपणा यांतला फरक आम्हाला निराळा शिकवावा लागत नाही. व्यवहारी माणूस हळू आवाजात, अगदी अदबीने बोलू शकतो. तुमच्या दुसऱ्या भागात मात्र लाल गुण वाढले की शेपर्डच्या चेहऱ्यावरचे व्रण आतून पेटल्यासारखे चमकू लागतात, आणि ते घालवायचे तर ५०,००० प्लॅटिनम खर्चून दवाखान्यात यंत्र बसवावं लागतं. निर्णय का घेतला याच्याशी त्या चेहऱ्याला काही देणंघेणं नसतं.

याचा फटका खेळणाऱ्याला कसा बसतो तेही सांगतो. मिरांडा आणि जॅक यांचं भांडण, टाली आणि लीजन या दुसऱ्या दोन सोबत्यांचं भांडण. दोन्हीकडे दोघींची किंवा दोघांची निष्ठा राखायची असेल तर एका रंगाचे गुण भरपूर हवेत. जो प्रसंग पाहून कधी निळं कधी लाल निवडत आला, त्याच्यापुढे ते वाक्य करडं होऊन पडतं. म्हणजे विचार करून खेळणाऱ्याचीच अडवणूक. दुसऱ्यांदा खेळताना मी प्रश्न वाचायचंच सोडून दिलं होतं, डोळे मिटून वरचं उत्तर. तिसऱ्या भागात तुम्ही दोन्ही रंगांची मिळून एकच पत ठेवलीत, ते फार चांगलं केलंत. 'अँड्रोमेडा'त तर २०१७ साली तुम्ही रंगच काढून टाकले आणि बोलण्याचा सूर तेवढा ठेवलात : भावनेचा, तर्काचा, मोकळा, कामापुरता. त्या खेळाला लोक काहीही म्हणोत, ही दिशा बरोबर होती. कृपा करून मागे जाऊ नका.

आणि आता मॉर्डिन, सलेरियन जमातीचा शास्त्रज्ञ. त्याच्याबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे, कारण मी जे मागतो आहे ते तुम्ही एकदा करून दाखवलेलं आहे.

क्रोगन ही लढवय्यी जमात. सलेरियनांनी त्यांना रॅकनाय या किड्यांसारख्या शत्रूंशी लढायला वर आणलं, युद्ध जिंकल्यावर तेच डोईजड झाले, म्हणून सलेरियनांनी जेनोफेज बनवलं आणि ट्युरियन या तिसऱ्या जमातीने ते सोडलं. हजारात एक गर्भ जगेल अशी ती बाधा. क्रोगन तिला सरावू लागले तेव्हा मॉर्डिनच्या तुकडीने ती पुन्हा दुरुस्त करून पसरवली. दुसऱ्या भागात भेटतो तेव्हा तो या कामाचं समर्थन करतो, आणि ते समर्थन पोकळ नाही. त्याच्याकडे आकडे आहेत, पुढच्या युद्धाचे अंदाज आहेत. तो भराभर बोलतो, वाक्यातले कर्ते गाळतो, जणू तेवढ्याही वेळेचा हिशेब आहे. मग क्रोगनांच्या टुचांका ग्रहावरच्या त्या मोडक्या इस्पितळात तो एका मेलेल्या क्रोगन बाईपाशी थांबतो. बाळ व्हावं या आशेने तिने स्वतःला प्रयोगासाठी दिलेलं. मॉर्डिनचं बोलणं मंदावतं. त्याचं मत बदलत नाही, तेव्हाही तो म्हणतो की काम आवश्यक होतं, पण ते म्हणायला त्याला त्रास होतो आणि तो त्रास आपण पाहतो. ही झाली २०१० सालची पेरणी.

२०१२ साली तिसऱ्या भागात तोच मॉर्डिन जेनोफेजवर उतारा घेऊन येतो. शेपर्डने उतारा बिघडवायचा सल्ला दिला तर तो ओरडतो की माझी चूक झाली होती. आयुष्यभर मोठं चित्र पाहणारा तो माणूस म्हणतो की मोठं चित्र छोट्या छोट्या चित्रांचंच असतं. मत उलटं झालं, पण माणूस तोच. हिशेब करायची पद्धतही तीच, फक्त हिशेबात एका रकमेची नोंद राहून गेली होती ती त्याने आता धरली. नंतर तो मनोऱ्यावरच्या लिफ्टमध्ये गुणगुणत उभा राहतो आणि मरायला वर जातो, कारण दुसऱ्या कुणी केलं तर चुकायची शक्यता आहे. हेही त्याचंच. स्वतःच्या हाताशिवाय दुसऱ्या हातावर त्याने कधी भरवसा ठेवला?

यातली सर्वांत सुंदर गोष्ट फार थोड्या खेळाडूंनी पाहिली असेल. मी ती चौथ्यांदा खेळताना पाहिली. पहिल्या भागात व्हर्मायर ग्रहाच्या किनाऱ्यावर शेपर्डचा क्रोगन सोबती रेक्स बंदूक रोखून उभा राहतो; खलनायक सॅरनकडे जेनोफेजवरचा उतारा आहे आणि शेपर्ड तो नष्ट करायला निघाली आहे. तिथे त्याला समजावता आलं नाही तर रेक्स मरतो. मग तिसऱ्या भागात क्रोगनांचा म्होरक्या असतो त्याचा भाऊबंद रीव्ह, ज्याला फक्त सूड हवा आहे. दुसऱ्या भागात मॉर्डिनचा शिष्य मेलन याने उताऱ्यासाठी जमवलेली माहिती तुम्ही जाळून टाकली असेल, तर ईव्ह ही समंजस क्रोगन बाईही वाचत नाही. म्हणजे रीव्हला आवरणारं शहाणं माणूस उरत नाही. अशा वेळी, आणि फक्त अशाच वेळी, मॉर्डिनला पटवता येतं की उतारा आता देऊ नये. तो ऐकतो. मनोऱ्यावर जात नाही. जगतो.

मी खुर्चीत मागे टेकून बराच वेळ बसलो होतो. पाच वर्षांत आलेले तीन खेळ, आणि प्रश्न एकच : उतारा द्यायचा की नाही? रेक्स आणि ईव्ह असतील तर द्यावा, रीव्ह एकटा असेल तर थांबावं, असं मॉर्डिनच्याच डोक्याने विचार केला तर निघतं. समोर कोण आहे हे पाहून त्याने उत्तर बदललं. व्यवहारी निर्णयाचं इतकं चोख लिखाण मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलेलं नाही. रेक्स जिवंत असताना उतारा बिघडवलात तर तोच मॉर्डिन पाठीत गोळी खाईल पण ऐकणार नाही, आणि रेक्सला पुढे कळतंच, तो जाब विचारायला येतोच.

लीजनचंही असंच. १,१८३ प्रोग्रॅम मिळून बनलेला तो गेथ, म्हणजे यंत्रमानव, दोन खेळभर स्वतःला 'आम्ही' म्हणतो. रॅनॉक ग्रहावर, स्वतःला आपल्या लोकांत वाटून टाकण्याआधी, तो 'मी' म्हणतो. एक सर्वनाम बदललं आणि आमच्या खोलीत दोन मोठी माणसं डोळे पुसत होती. आधीची सगळी वाक्यं काटेकोर 'आम्ही'त लिहिली होती म्हणून ते एक 'मी' एवढं मोठं झालं.

जिथे असं झालं नाही तिथलंही सांगतो.

'अरायव्हल' हा २०११चा जोडभाग. शेपर्ड एक लघुग्रह अल्फा रिले या अंतराळप्रवासाच्या दारावर आदळवते. रीपरांचं येणं काही महिने लांबतं आणि त्या सूर्यमालेतले बॅटेरियन जमातीचे तीन लाखांहून अधिक लोक मरतात. तिन्ही खेळांतला हा सर्वांत मोठा व्यवहारी निर्णय, आणि त्या वेळी शेपर्ड एकटी असते. गॅरस नाही, टाली नाही, समारा नाही. तुम्ही तिच्यावर हा निर्णय लादलात हे मी एक वेळ समजू शकतो, पण ओसरी रिकामी का ठेवलीत? गॅरसचं उदाहरण घ्या. पुढच्याच भागात तो युद्धातल्या निर्दय गणिताबद्दल बोलतो : इकडचे दहा अब्ज मरू द्यायचे म्हणजे तिकडचे वीस अब्ज वाचतील. हे बोलायचा अधिकार त्याला आहे, सीसेक या पोलीस दलाच्या नियमांना कंटाळून ओमेगा या अंतराळतळावर स्वतःच न्याय करायला निघालेला माणूस तो. हेच वाक्य त्याला त्या लघुग्रहावर शेपर्डच्या शेजारी उभं राहून, बॅटेरियनांच्या वस्तीकडे बघत बोलावं लागलं असतं तर?

आणि समारा. तिला न्यायाची कडक संहिता आहे. शेपर्डशी शपथेने बांधून घेताना ती स्वच्छ सांगते की तू मला फार हीन काम करायला लावलंस तर शपथेतून मोकळी झाल्यावर मला तुला मारावं लागेल. मी ते वाक्य ऐकून सरसावून बसलो होतो. त्यानंतर काय वाटेल ते केलं तरी ती वसुली कधी होत नाही. तिसऱ्या भागात आपल्या मुलीला मारावं लागू नये म्हणून ती बंदूक स्वतःच्या डोक्याला लावते, म्हणजे संहिता तिच्यासाठी खरीच आहे. मग शेपर्डच्या बाबतीतच ती का विसरते? निदान एक भेट तरी हवी होती, जिथे ती हिशेब मांडते आणि जिवंत का सोडते ते सांगते.

निकालांबद्दल थोडक्यात, कारण त्यावर पुष्कळांनी लिहिलं आहे. ज्या तळावरून आम्ही दोघं रात्री दोनपर्यंत भांडलो, त्याचा तिसऱ्या भागातला फरक असा : ठेवला असेल तर रीपरचा मेंदू, युद्धसज्जतेचे ११० गुण, उडवला असेल तर रीपरचं हृदय, १०० गुण. पहिल्या भागात नोव्हेरियावर रॅकनायची राणी मारली तरी तिसऱ्या भागात रीपरांनी बनवलेली दुसरी राणी त्याच गुहेत बसलेली. दोन्ही बाजूंच्या खेळाडूंना दुखवायचं नाही, ही तुमची अडचण मला कळते. प्रत्येक फाट्यासाठी वेगळा खेळ बनवणं कुणालाच परवडणारं नाही. म्हणून तर मी सोबत्यांबद्दल लिहितो आहे. नवा ग्रह बनवायला वर्ष लागत असेल, पण तळ ठेवल्यावर मिरांडाने जेवणाच्या टेबलावरून उठून जायला एकच प्रसंग लागतो. व्यवहारी निर्णयाची किंमत गुणांत वसूल करू नका. ती जहाजावर, माणसांच्या चेहऱ्यावर वसूल करा. आमच्या आजीने बांधावर न जाऊन जशी केली तशी.

एक विनंती, तुमच्या पुढच्या भागाबद्दल. डिसेंबर २०२०मध्ये तुम्ही दाखवलेल्या झलकीत शेपर्डची जुनी सोबती लियारा बर्फातल्या ढिगाऱ्यावर चढते, शेपर्ड वापरते तसल्या एन७ चिलखताचा तुकडा उचलते आणि हसते. लियाराच्या जमातीचे, असारी, लोक हजार वर्षं जगतात, तेव्हा तिच्याकडे आठवणी भरपूर असणार. हीच लियारा पहिल्या भागात लाजरी पुरातत्त्वज्ञ होती आणि दुसऱ्या भागात इलियमवर लोकांना धमकावणारी माहितीची दलाल झाली. मधली दोन वर्षं आम्हाला खेळात दिसली नाहीत आणि तो सांधा शॅडो ब्रोकरच्या जोडभागात तुम्हाला नंतर शिवावा लागला. या वेळी मधला काळ त्याहून कितीतरी मोठा असू शकतो. ती बदललेली असेल, बदलू द्या. पण शेपर्डच्या निर्णयांबद्दल कुणी तिला विचारलं, तर तेव्हा ती स्वतः काय म्हणाली होती आणि आज त्याहून वेगळं वाटत असेल तर कधीपासून, हे तिच्या तोंडून ऐकायला मिळू द्या. माझा रूम पार्टनर आता नाशिकला असतो, दोन मुलांचा बाप आहे. खेळ आला की तो दोन दिवस माझ्याकडे येणार, असं आमचं ठरलेलं आहे. माउस या वेळी त्याच्या हातात.

आपला,
जालन्याचा एक खेळाडू